गाडीचा काठ किती उंच असावा?

ग्रामपंचायत असो की महानगरपालिका, कचऱ्याची गाडी घ्यायची ठरली की कागदावर पहिला आकडा येतो तो लिटरचा किंवा घनमीटरचा. पेटीत मावणार किती? त्यानंतर पत्र्याची जाडी, टायर, रंग, योजनेचं बोधचिन्ह. पेटीचा काठ जमिनीपासून किती उंचीवर असावा, हे मात्र क्वचितच कोणी लिहितं. ते आपोआप ठरतं. जास्त मावावं म्हणून बाजू चढवल्या जातात, काठ खांद्याच्या वर जातो आणि भरलेली बादली घेऊन खाली उभ्या असलेल्या बाईला घरामागून घर हात डोक्याच्या वर न्यावे लागतात. तिची उंची कोणी मोजलेली नसते. कचरा वेचणाऱ्या, उचलणाऱ्या आणि वाहणाऱ्या माणसांच्या साधनांचा महाराष्ट्रातला इतिहास पाहिला तर हेच पुन्हा पुन्हा दिसतं. साधन घेतलं जातं ते कचऱ्याच्या मापानं. उचलणाऱ्याच्या मापाचा विचार फार थोड्यांनी, फार उशिरा केला.

हा विषय शहराचा वाटतो, पण तो बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावातून पाहिला तर जास्त स्पष्ट दिसतो. मांजरा धरण ज्या केज तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातलं हे गाव. या पट्ट्यातून अंगमेहनतीचे तीन प्रवाह निघतात. पहिला गावातच राहतो: नाल्या उपसणारा, गल्ल्या झाडणारा ग्रामपंचायतीचा सफाई कामगार. दुसरा १९७२ च्या दुष्काळात बाहेर पडला. मराठवाड्यातली आणि सोलापूरकडची कितीतरी दलित, विशेषतः मातंग कुटुंबं तेव्हा पुण्याला गेली आणि त्यांतल्या बायकांच्या वाट्याला कचरा वेचण्याचं काम आलं. तिसरा प्रवाह दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. तिन्हींत ओझं डोक्यावर, पाठीवर किंवा कमरेवर आहे. आणि तिन्हींत साधन बदललं तर शरीर वाचू शकतं, हे दाखवून देता येतं.

आधी कमरेचं गणित समजून घेऊ. पाठीचा कणा ताठ ठेवणारे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरवर असतात. बादली मात्र शरीरापासून चाळीस-पन्नास सेंटिमीटरवर धरलेली असते. तरफेच्या नियमानं दहा किलोच्या बादलीसाठी त्या स्नायूंना सत्तर-ऐंशी किलोंचा ताण द्यावा लागतो, आणि तो सगळा कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर दाबासारखा पडतो. वाकलेल्या धडाचं वजन यात धरलेलंच नाही.

अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेनं १९९१ साली सुधारलेलं एक सूत्र जगभर वापरलं जातं. सगळी परिस्थिती आदर्श असेल, म्हणजे वजन शरीराजवळ, कमरेच्या उंचीवर, सरळ समोर, चांगल्या पकडीत असेल, तर २३ किलो ही उचलण्याची शिफारस केलेली कमाल मर्यादा. परिस्थिती बिघडत जाईल तसतशी ती खाली येते. आता घंटागाडीजवळचं नेहमीचं दृश्य या सूत्रात घालू. बादलीची कडी जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, अंगापासून ५० सेंटिमीटर दूर. गाडीचा काठ १४० सेंटिमीटरवर. आणि बादली वर नेताना कमरेतून ४५ अंशांचा पीळ. उत्तर येतं सव्वासात किलोंच्या आसपास. मिनिटाला किती वेळा उचललं, कडी बोटांत रुतते का, हे धरलं तर आणखी कमी. आपल्याकडचा ओला कचरा लिटरला साधारण अर्धा किलो भरतो. वीस लिटरची बादली काठोकाठ भरली की दहा किलो. म्हणजे अवजड वाटतही नाही अशी बादली मर्यादेच्या बाहेर गेलेली असते.

हेच गणित काठ ८० सेंटिमीटरवर आणून, गाडीशी समोरासमोर उभं राहून आणि बादली अंगाजवळ धरून केलं, तर मर्यादा दुपटीच्या वर जाते. कचरा तोच, बाई तीच, बदललं ते लोखंडाचं माप आणि उभं राहण्याची पद्धत. ८० सेंटिमीटरचा हा आकडा माझ्या मते प्रत्येक सरपंचाच्या आणि प्रत्येक आरोग्य निरीक्षकाच्या टेबलावर असायला हवा.

ओझं चाकावर घ्यावं हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. मुंबई सरकारनं १९४९ मध्ये सफाई कामगारांच्या राहणीमानाची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ साली आला आणि डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत बंद करण्याच्या शिफारशी पुढे केंद्रानं सगळ्या राज्यांना पाठवल्या. १९५७ साली प्रा. मलकानी यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती आली, तिनं १९६० मध्ये अहवाल दिला. हातगाड्या, झाकणाच्या बादल्या, लांब दांड्याची अवजारं यांसाठी अनुदानं निघाली. कोकणात गोपुरीला अप्पासाहेब पटवर्धनांनी याहून मुळाशी जाणारा मार्ग धरला होता. मैला वाहावाच लागू नये अशी संडासाची रचनाच त्यांनी केली, आणि सफाईचं काम स्वतःच्या हातांनी केलं.

तरीही १९९३ साली मैला हातानं साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा करावा लागला आणि २०१३ साली तो पुन्हा, अधिक कडक करावा लागला. चार दशकांत हातगाडी आली, पण डोक्यावरची पाटी पूर्ण उतरली नाही. याचं कारण निव्वळ तांत्रिक नव्हतं. ज्या जातींनी हे काम करायचं असं समाजानं गृहीत धरलं होतं, त्यांच्या शरीराची झीज हा खर्च कुठल्याच हिशेबात धरला जात नव्हता. माणूस स्वस्त मिळत असेल तर गाडीचं चाक दुरुस्त करायची घाई कोणाला असणार? साधनांच्या आराखड्याची चर्चा जातीचा उल्लेख न करता करता येते, पण मग ती अर्धवट राहते.

पुण्यातला अनुभव या दृष्टीनं सगळ्यांत शिकण्यासारखा आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण १९९० च्या सुमारास कचरावेचक वस्त्यांत काम करू लागल्या. त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट साधी होती: घरातूनच सुका कचरा वेगळा मिळाला तर बाईला कचराकुंडीत वाकून, ढवळून तो शोधावा लागत नाही. कामगारनेते बाबा आढावांच्या पुढाकारानं मे १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे महापालिकेनं मान्य केलेली ओळखपत्रं आली, आरोग्य विमा आला. २००७ साली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था नोंदली गेली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी तिचा करार झाला.

हा सगळा संघटनेचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि तो आहेच. मला त्यात शरीराचा इतिहासही दिसतो. कुंडीवर काम करणाऱ्या बाईकडे आकडा, लोहचुंबक आणि पोतं एवढीच साधनं होती. ती तासन् तास कमरेतून वाकून उकरत असे आणि भरलेलं पोतं पाठीवर किंवा डोक्यावर घेऊन मैलोन् मैल चालत भंगारवाल्याकडे जात असे. दारोदार गोळा करण्याच्या पद्धतीत ती उभी राहून बादली घेते, ढकलगाडीत टाकते आणि निवाऱ्यात बसून वर्गवारी करते. वाकणं कमी, चालणं ठरावीक, ओझं चाकावर. म्हणजे इथली सगळ्यांत मोठी सुधारणा गाडीच्या आराखड्यातून आलेली नाही. कामाचा क्रमच बदलला, म्हणून गाडी उपयोगी पडली. कचरा एकत्र मिसळलेलाच येत राहिला असता, तर उत्तमातली उत्तम गाडीही तिला उकरण्यातून सोडवू शकली नसती.

पुण्याच्या ढकलगाडीच्याही अडचणी आहेतच. पहिली अडचण जिन्यांची. चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत गाडी खालीच राहते आणि बादल्या हातानं उतरवाव्या लागतात. हे ओझं दहा-बारा किलोंचं असलं तरी जिना उतरताना पायाखालचं दिसत नाही आणि गुडघ्यांवर प्रत्येक पायरीचा झटका येतो. दुसरी अडचण चाकाची. लहान, कडक चाक गुळगुळीत फरशीवर छान चालतं. खड्ड्यात, गटाराच्या जाळीवर, मुरमाच्या रस्त्यावर अडतं. चाक जितकं मोठं तितकं अडथळ्यावरून चढायला बळ कमी लागतं, म्हणून सायकलच्या मापाचं हवा भरलेलं चाक अशा रस्त्यांना बरं. पण मग पंक्चर काढायचं कोणी आणि कोणाच्या पैशानं? बिघडलेली गाडी महिनोन् महिने तशीच राहिली की पोतं पुन्हा पाठीवर येतं. तिसरी अडचण हातमोज्यांची. काच, पातळ प्लास्टिक, जाड प्लास्टिक हे सगळं बोटांना कळतं. पुरुषी मापाचे, जाड, घामानं चिकटणारे मोजे घालून वर्गवारी होत नाही, म्हणून बायका ते काढून ठेवतात. मग त्यांच्यावरच ‘सुरक्षेची साधनं दिली तरी वापरत नाहीत’ असा ठपका येतो. मला हा ठपका अन्यायाचा वाटतो. बोटांना बसत नसलेला मोजा वापरला जात नाही, यात दोष मोज्याचा आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत गणवेश, चमकणारं जॅकेट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणं आणि मास्क देण्याचं बंधन घातलं गेलं. माप कोणाचं घ्यावं, याबद्दल मात्र त्या यादीत काही नव्हतं.

मुंबईची गोष्ट वेगळी, कारण तिथं कचरा टनांत मोजला जातो. पंजानं आणि फावड्यानं पाटीत ओढायचं, पाटी उचलून गाडीवर उभ्या असलेल्या साथीदाराकडे वर द्यायची, हे मोटर लोडरचं काम. सफाई कामगारांच्या हलाखीचं चित्र सुधारक ओलवे यांच्या छायाचित्रांनी जगापुढे ठेवलं. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या प्रदीर्घ लढ्यानंतर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. त्याच वर्षी देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मुंबईच्या कचरा भरणाऱ्या कामगारांच्या स्नायू आणि सांध्यांच्या दुखण्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यात कमरेचं दुखणं ठळकपणे पुढे आलं. या दोन घटना मी शेजारी ठेवतो, कारण कायम नोकरी नसलेल्या माणसाचं दुखणं कुठं नोंदलंच जात नाही. रजा घेतली की रोज बुडतो. दुखणं नोंदलं नाही की साधन बदलायची मागणीही उभी राहत नाही.

बाहेरच्या देशांकडून काय घ्यायचं आणि काय नाही, हेही पाहायला हवं. चाकांचा झाकणवाला डबा ब्रिटनमध्ये १९६८ च्या सुमारास एका कारखान्यातल्या अंतर्गत वाहतुकीसाठी तयार झाला आणि नंतर घराघरांत पोचला. गाडीच्या मागचा यांत्रिक हात तो डबा उचलतो, माणूस फक्त ढकलतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००१ मध्ये पिशव्या उचलणं आणि असे डबे ढकलणं-ओढणं यांची तुलना केली तेव्हा ढकलण्यात कमरेवरचा दाब बराच कमी निघाला. पण पायरीवरून, फुटपाथच्या कडेवरून डबा ओढताना झटके बसतातच. आम्सटरडॅममधल्या संशोधकांनी आणखी एक महत्त्वाची बाजू मांडली: एका कामगारानं दिवसात किती कचरा गोळा करावा यालाच मर्यादा हवी. काम हलकं झालं म्हणून मालकानं घरांची संख्या वाढवली, तर वाचलेली ताकद पुन्हा खर्ची पडते. चांगल्या साधनाचा फायदा नेमका कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न तिथून आपल्याकडे जसाच्या तसा आणायला हवा. यांत्रिक हाताचा ट्रक आणि डांबरी रुंद रस्ता मात्र आपल्या गल्लीत आणता येणार नाही.

ब्राझीलमध्ये साओ पावलोत २०१२ पासून चालणारा एक उपक्रम मला जवळचा वाटतो. कचरावेचक स्वतः ओढतात त्या हातगाड्या कलाकार आणि स्वयंसेवक दुरुस्त करतात, रंगवतात, त्यांना आरसे आणि चमकत्या पट्ट्या लावतात. गाडी कामगाराचीच राहते आणि दुरुस्ती हाच सन्मान ठरतो.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण तर बीडच्या माणसाला सांगावंच असं आहे. तिथल्या शेतांत मेक्सिकन मजुरांना आखूड दांड्याचं खुरपं देत. कारण असं की मुकादमाला लांबून दिसावं, कोण वाकलेलं आहे आणि कोण उभं राहिलं. डॉक्टरांनी कायमच्या निकामी झालेल्या पाठींची साक्ष दिली आणि १९७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ते हत्यार हद्दपार झालं. दांडा लांब झाला, पीक बुडालं नाही. आपल्याकडे आखूड खराट्यानं रस्ता झाडणाऱ्या बायका आजही ठिकठिकाणी दिसतात. खराट्याला चार फुटांचा बांबू बांधायला असा कितीसा खर्च येतो?

ऊसतोडीत हेच प्रश्न अधिक तीव्र आहेत. खाली वाकून बुडख्याशी कोयता चालवायचा, मग मोळी बांधून डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून किंवा शिडीवरून ट्रॉलीत चढवायची. मोळी तीस-चाळीस किलोंची सहज भरते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. याची कारणं अनेक आहेत: नफेखोर उपचार, अज्ञान, फडावर पाण्याची आणि शौचालयाची सोय नसणं, एक खाडा झाला तरी कापले जाणारे पैसे. पाळीच्या दिवसांतही मोळी उचलावीच लागते, ही त्यातली एक गाठ. यावर उपाय म्हणून ऊसतोडणी यंत्र दाखवलं जातं. यंत्र ओझं काढतं आणि ओझ्याबरोबर रोजगारही काढतं. कचऱ्यातही मोठा ठेका आणि मोठा ट्रक आला की कचरावेचक बाईचं असंच होतं. डोक्यावरची मोळी आणि काम हिरावणारं यंत्र यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा आहे. मोळी चढवायला साधी कप्पी, उताराची रुंद फळी, मोळीच्या वजनाला मर्यादा, अशा मधल्या साधनांवर विचार झाला पाहिजे.

आता पुन्हा गावाकडे. केज तालुक्यातल्या गावांचा कचरा शहरासारखा नसतो. शेण आणि वैरणीचं राहिलेलं उकिरड्यावर जातं, उष्टं-खरकटं जनावरांना. उरतं ते प्लास्टिक, आणि नालीतला गाळ. गावच्या सफाई कामगाराचं खरं ओझं हा गाळच आहे. ओला गाळ पाण्याहून दीडपटीनं जड असतो, त्यामुळे दहा-बारा लिटरचं घमेलं पंधरा ते वीस किलोंवर जातं, आणि ते गुडघ्याच्या खालून, नालीच्या काठावर पाय फाकवून उचलायचं. इथं घंटागाडीचा काही उपयोग नाही. इथं हवं ते लांब दांड्याचं, नालीच्या रुंदीचं, भोकं पाडलेलं खोरं, म्हणजे पाणी नालीतच गळून जाईल. हवं अर्ध्या मापाचं घमेलं. आणि एका चाकाची, खोलगट हातगाडी, जी बोळातून जाईल. काढलेला गाळ रात्रभर काठावर निथळू दिला तरी दुसऱ्या दिवशी त्याचं वजन कमी होतं, पण मग ‘नाली काढली आणि घाण तशीच टाकली’ म्हणून लोक ओरडतात. गावानं एक रात्र दम धरला तर एका माणसाची कंबर वाचते.

पैसा अजिबात नाही असंही नाही. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपये धरले होते. चार हजारांच्या गावाला २ लाख ४० हजार. त्यातला काही भाग पंधराव्या वित्त आयोगातून घालायचा होता. या पैशातून राज्यभर तीनचाकी सायकली आणि बॅटरीच्या गाड्या आल्या. चढावर भरलेली तीनचाकी पायडल मारून नेणं हे पाठीऐवजी गुडघ्यांवर ओझं टाकणं आहे. बॅटरीची गाडी त्याहून खूप बरी, पण बॅटरी दोन-तीन वर्षांत बसली की ती पंचायतीच्या आवारात उभी राहते. योजनेत खरेदीला पैसा असतो. ट्यूब, बेअरिंग, बॅटरी यांना नसतो.

ज्ञानाचीही उणीव नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक काढलं. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं शेतमजूर स्त्री-पुरुषांची मापं आणि ताकद मोजून ठेवली आहे. बायकांची सरासरी उंची दीड मीटरच्या जरा वर, म्हणजे कोपर साधारण ९५ सेंटिमीटरवर. यावरून गाडीची मूठ, खोऱ्याचा दांडा, पेटीचा काठ, सगळं ठरवता येतं. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ शेतकरी महिलांचे कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर वर्षानुवर्षं काम करतं आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं कंबरदुखीचे रुग्ण रोज येत असणार. केसपेपरवर त्यांचा व्यवसाय नेमकेपणानं लिहिला गेला तरी मोठं काम होईल. विद्यापीठ, रुग्णालय आणि ट्रॉल्या बनवणारं वेल्डिंगचं दुकान ही तिन्ही ठिकाणं एसटीच्या अंतरात असलेला हा जिल्हा आहे.

म्हणून युसूफ वडगावसारख्या ग्रामपंचायतीनं पुढची गाडी घेताना ठरावात चार ओळी वाढवाव्यात असं मला वाटतं. पेटीचा भरण्याचा काठ ८० सेंटिमीटरच्या वर नसावा, जास्त मावायला हवं असेल तर पेटी लांब करावी, उंच नको. बादल्या दहा-बारा लिटरच्या, रुंद मुठीच्या असाव्यात. दरवर्षी देखभालीची रक्कम अंदाजपत्रकात वेगळी धरावी. आणि गाडी जी बाई किंवा जो माणूस चालवणार आहे, त्यानं ती पंधरा दिवस गावच्या बोळांतून, पावसाळ्याच्या चिखलातून फिरवून ‘चालते’ असं सांगितल्याशिवाय बिल निघू नये.